सहा महिने झाले म्हणून हात सोडायचा?

काकांना लकवा (स्ट्रोक) होऊन सात महिने झाले. रविवारी नौपाड्याला त्यांच्याकडे गेले, तर फिजिओथेरपिस्ट बंद केल्याचं कळलं. काकू म्हणाली, "अगं, बिल्डिंगच्या ग्रुपवर आलंय, सहा महिन्यांत जे यायचं तेच येतं. आता सात होऊन गेले. उगाच पैसे कशाला घालवायचे?"

मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं. 'लकवा झालेल्यांच्या घरच्यांनी जरूर वाचा', आणि खाली पाच मुद्दे: झटका येताच बोटं टोचून रक्त काढा, सहा महिन्यांनंतर व्यायाम व्यर्थ, पेशंटला कसलंही काम करू देऊ नका, माणसांना भेटू देऊ नका, आणि ज्याच्यात जिद्द असते तो उठतोच. ऐरोलीच्या मावशीकडेही हाच मेसेज पोचलाय, म्हणून लिहायला बसले.

सुईचं आधी उरकते. बोट टोचल्यानं मेंदूतली गुठळी हलत नाही आणि रक्तस्रावही थांबत नाही. सीटी स्कॅन करून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, तर ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सुई शोधण्यात गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो.

सहा महिन्यांच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, हे मान्य करावंच लागतं. सुधारणा सगळ्यात वेगानं होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच. पण वेग मंदावला म्हणजे सगळं थांबलं, असं कुणी सांगितलं? 'एक्साइट' नावाची चाचणी अमेरिकेत झाली आणि 2006 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात 222 पेशंट होते, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. निम्म्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ, तो वापरता येऊ नये म्हणून हातमोजा चढवून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास कामं करून घेतली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात जास्त चालू लागला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकली. बाकीच्यांना हाच उपचार एक वर्ष उशिरा दिला. त्यांना फायदा कमी झाला, पण झाला. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच या चाचणीत घेतलं होतं, हेही सांगते. काकांचं मनगट उचलतं. मी स्वतः पाहिलंय.

मग कसलंही काम करू न देणं किती घातक आहे ते बघा. काकू त्यांना चमच्यानं भरवते, शर्टाची बटणं लावते, सगळं मायेनं. पण जो हात वापरलाच जात नाही, त्याला मेंदू हळूहळू विचारेनासा होतो. काकांची उभी हयात वागळे इस्टेटमध्ये लेथवर गेली. त्यांच्या हातून पेला सांडला तर सांडू दे, फरशी पुसता येते.

भेटीगाठींचं तर बोलूच नये. काकांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. शब्द आठवतो, तोंडात येत नाही. बोललंच नाही तर तो येणार कुठून? भेटायला येणाऱ्यांनी सावकाश बोलावं, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं आणि थांबावं. त्यांचं वाक्य आपण पुरं करू नये.

आणि जिद्द! सगळ्यात जास्त राग मला याचाच आला, कारण काकू आता काकांनाच म्हणते, "तुम्ही मनावरच घेत नाही." स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहणं हा आळस नसतो. त्याला उपचार आहेत, डॉक्टरांना ते सांगावं लागतं. शिवाय काका राहतात दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. उतरताना तो डाव्या हाताला येतो, चालत्या हाताला. चढताना मात्र उजव्या हाताला, ज्याची मूठ वळत नाही. खाली उतरलो तर वर कसा येणार, हे त्या माणसाला नीट कळतंय. तलावपाळीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणारा माणूस सात महिने घराबाहेर पडलेला नाही. त्याच्या जिद्दीची परीक्षा कोण घेतंय? भिंतीच्या बाजूनं दुसरा पाइप बसवा म्हणून चुलतभावानं सोसायटीला पत्र दिलं होतं. वार्षिक सभेत बघू, असं उत्तर आलं.

काकूलाही मी दोष देत नाही. रात्री दोनदा उठून त्यांना बाथरूमला नेणारी ती एकटीच आहे, आणि पैशांची ओढाताण खरी आहे. म्हणून आम्ही ठरवलंय: फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, त्यांचा खर्च आम्ही भावंडं वाटून घेऊ. बाकीचे दिवस व्यायाम घरी, त्यांनी शिकवलेलेच. शनिवारी रात्री मी तिथे झोपायला जाणार, म्हणजे काकूला एक रात्र सलग झोप मिळेल.

आणि ज्या शेजाऱ्यांनी हा मेसेज टाकला, त्यांना ग्रुपवरच लिहिलंय: सभेची वाट न बघता कठड्याच्या अर्जावर सही करा.