‘एकच धरा, त्यातच मुरा’ हा सल्ला अपुरा आहे

नाशिकमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सध्या सर्रास सांगितले जाते की, बाजारात एकाच तंत्रज्ञानात मुरलेल्या डेव्हलपरलाच किंमत असते, सगळे थोडे थोडे येणाऱ्याचे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होते आणि एकदा प्रावीण्य मिळाले की पुढची चिंता मिटते.

‘भाराभर चिंध्या’ हा आक्षेप मला सर्वांत चुकीचा वाटतो. अंबडमधील एका कारखान्यात आम्ही बसवलेल्या प्रणालीत तिसऱ्या पाळीचे उत्पादन वहीशी जुळत नव्हते. डेटाबेस पाहणाऱ्याने क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणारी सूचना) बरोबर असल्याचे दाखवले, स्क्रीन करणाऱ्याने आलेले आकडेच दाखवत असल्याचे सांगितले आणि दोघेही खरे बोलत होते. अखेर दोन्हीकडचे जुजबी जाणणाऱ्या एका सहकारी मुलीने वहीतील नोंदींच्या वेळा एकेक करून ताडून पाहिल्या, तेव्हा रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतील प्रत्येक नोंद आदल्या तारखेत पडत असल्याचे तिच्या लक्षात आले. सर्व्हर यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, दिवस मोजत होता आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. दोष दोघांच्या कामांमधल्या सांध्यात होता, आणि सांधा कोणाच्याच प्रावीण्याच्या हद्दीत येत नाही. नाशिकमध्ये तीन-चार माणसांच्या अनेक कंपन्या आहेत. तिथे असे सांधे रोज सांभाळावे लागतात.

चिंता मिटण्याबद्दल, एकेकाळी संकेतस्थळांवर चलचित्रे आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्रज्ञानाचे उदाहरण पुरेसे आहे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला तांत्रिक पाठबळ देणे थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये फ्लॅशचा मजकूर चालणेच बंद केले. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेपलीकडे ज्यांनी काही शिकून ठेवले होते, त्यांना जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेकडे वळणे तुलनेने सोपे गेले.

सखोल ज्ञानाला किंमत असते हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. इंटरनेटवरील देवाणघेवाण सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ मध्ये उघड झालेली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी, पाठवणाऱ्याने सांगितलेली संदेशाची लांबी तपासली न गेल्यामुळे, एका वेळी सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंत माहिती बाहेर जाऊ देत होती. असे काम जाणकारांनीच तपासावे. परंतु दुरुस्त आवृत्ती आल्यानंतर ती आपापल्या सर्व्हरवर चढवणे, सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे बदलणे, वापरकर्त्यांकडून पासवर्ड बदलून घेणे आणि या दरम्यान सेवा बंद पडू न देणे, हे सारे करायला लागणारा माणूस सांकेतीकरणाचा तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. त्याला संपूर्ण प्रणाली माहीत असावी लागत होती.