टोपणाचं रबर

रविवारी सकाळी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर एकच विषय: बापूची गाडी. बुधवारी त्यानं बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइल खुणेच्या खाली. घरात पॉवर स्टिअरिंगच्या लाल ऑइलची बाटली पडलेली. ऑइल ते ऑइल म्हणून ओतली. सोमवारी चोर्ला घाटातून गोव्याला जायचं होतं. टाकीच्या टोपणावर डॉट ४, म्हणजे कुठलं ब्रेक ऑइल घालायचं ते कोरलंय, पण १९५६ पासून मराठी-कन्नड पाट्यांवरून भांडणाऱ्या गावात टोपण कोण वाचतंय!

"सिरिंजनं उपसायचं, नवीन भरायचं. दोनशे-तीनशेत काम," नाना म्हणाला. नानाकडं सगळ्याच कामाचा भाव दोनशे-तीनशे असतोय, घराचा स्लॅब असला तरी.

मिस्त्री काही बोलला नाही. गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली त्याला, पण उठला, बॉनेट उघडलं, टोपण फिरवलं. आतलं रबर फुगून लाटेसारखं वाकडं झालेलं. परत बसवायला गेला तर बसेना. ते त्यानं नानाच्या चहाच्या ग्लासाशेजारी आणून ठेवलं.

"असलीच रबरं मास्टर सिलिंडरात, म्हणजे पेडल दाबतं त्या पंपात, आणि चाकाचाकात. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, रबरं त्याच्यासाठी केलेली. हे तेल लागलं की फुगतात."

"पण ब्रेक मस्त लागतोय की!" बापू.

"लागतोय. सुटतोय का ते सांग."

रबर फुगलं की ऑइल परत यायची बारीक वाट बुजते, ब्रेक धरलेलाच राहतो, चाक तापतं. घाटाच्या उतारावर ऑइल उकळलं तर पेडल पायाखाली नुसतं बसतं. मिस्त्रीनं हे इतक्या थंडपणे सांगितलं की चहावाल्यानंही स्टोव्ह बारीक केला.

नाना हटेना. "तेल वरच्या टाकीतच असेल. खाली उतरलंय कशावरून?"

मग पैज लागली, पाव किलो कुंदा. मिस्त्रीनं मागच्या चाकाचं ऑइल काढायचं निपल सैल केलं, बापूला पेडल दाबायला लावलं, आणि आलेलं ऑइल पाण्याच्या अर्ध्या बाटलीत धरून हलवलं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, तेल विरघळत नाही. पाच मिनिटांत बाटलीच्या गळ्याशी तांबूस तवंग तरंगायला लागला.

"ओतल्या ओतल्या, पेडलवर पाय न ठेवता सांगितलं असतंस तर नानाचं खरं होतं," मिस्त्री म्हणाला. "टाकी काढून धुतली असती, भागलं असतं. पण तू चार दिवस हिंडवालास. दुसऱ्या गेटला रेल्वे आली की दाब ब्रेक, सोड ब्रेक. आता मास्टर सिलिंडर, चाकांची रबरं, रबरी होज, सगळं नवीन. लोखंडी नळ्या तेवढ्या धुऊन चालतील. आणि गाडी टो करून न्यायची, चालवत नाही."

"घरातल्या पोरांनीच बाटली चुकीच्या जागी ठेवली," बापू पुटपुटला.

"ते राहू दे. ऑइल कमी का झालं, ते बघितलास?"

कुणीच बघितलं नव्हतं. मिस्त्री पुढच्या चाकाशी बसला, मोबाइलची बॅटरी आत मारली. पॅड झिजून बिस्किटाएवढे उरलेले. पॅड झिजले की त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर येतो, टाकीतलं ऑइल खाली जातं. नवीन पॅड घातले असते तर ते आपोआप वर आलं असतं, थेंबही ओतायची गरज नव्हती.

नाना कुंदा आणायला उठला. बापू अजून ते टोपण दाबून बसवालता. बसेना.