दोन अक्षरं, दहा प्रश्नचिन्हं

पाणीपट्टीच्या बिलावर एकदाचं माझं नाव चढलं. म्हणजे नावाच्या जागी दहा प्रश्नचिन्हं चढली, एकाला एक चिकटून. तक्रार घेऊन खिडकीशी गेले तर कारकून म्हणाला, "नोंद झालीय की मॅडम. रिकामं कुठं आहे?"

माझ्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल धरून एक काका उभे होते. त्यांनी न विचारता माझं बिल हातात घेतलं आणि प्रश्नचिन्हांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"नाव काय तुमचं?"

"ज्योत्स्ना."

"ज्यो, त्स्ना. अक्षरं दोन. इथं दहा आहेत. आठ जास्तीची कुणी घातली?"

मी सांगितलं, काका, कॉम्प्युटर सुटं सुटं मोजतो. ज, हलन्त, य, ओकार. मग त, हलन्त, स, हलन्त, न, काना. झाले दहा.

"पाय मोडलेलासुद्धा मोजतात?" काका हबकले. मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं बिल काढलं. "हे बघा. रमण. तीन अक्षरं, तीन प्रश्नचिन्हं. हिशेब चोख!" आपल्या नावाच्या जागी काहीच नाही, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. आकडा जुळला होता ना! रांगेतल्या एका बाईंनी लगेच नवऱ्याचं नाव बोटांवर मोजायला घेतलं. श्रीकृष्ण. नऊ निघाले. काकांनी मान हलवली. "जोडाक्षरं फार. पुढं त्रास होतो."

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. "प्रतिज्ञापत्र करा. ज्योत्स्ना आणि ही दहा प्रश्नचिन्हं एकच व्यक्ती आहे म्हणून."

"आणि त्यातही प्रश्नचिन्हंच टाका," आतून कारकून म्हणाला, "आमच्या रेकॉर्डला जुळायला हवं."

नावाच्या जागी कचरा आला असता तरी मी तक्रार केली नसती. डोक्यावर टोप्या घातलेले रोमन ए आणि मधूनच परदेशी चलनांच्या खुणा, तो कचरा. तेव्हा आतला ऐवज बहुधा शाबूत असतो, फक्त अक्षरांना नंबर देणाऱ्या भलत्याच कोष्टकाने वाचलेला. कोष्टक बदललं की नाव परत मिळतं. प्रश्नचिन्हाचं तसं नाही. साठवतानाच प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी मशीन ६३ लिहून मोकळं होतं, कारण आस्कीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या इंग्रजी कोष्टकात, प्रश्नचिन्हाचा नंबर ६३. काकांचा र ६३, माझा ज ६३. सहा आणि तीन एकमेकांकडे प्रेमाने बघतायत, आणि माझा मात्र त्या खिडकीशी छत्तीसचा आकडा.

आस्की १९६३ सालचं. सगळ्या मिळून १२८ जागा, इंग्रजीपुरत्या. तेव्हाचं ठीक होतं. पण १९९१ साली आपल्या लिप्यांसाठी इस्कीचं भारतीय मानक आलं, त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या कोष्टकाचा पहिला खंड आला आणि त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. 'ॲ'ला सुट्या जागेसाठी २००८ पर्यंत ताटकळावं लागलं, हे खरं. पण 'ज्योत्स्ना'ला लागणारं सगळं पहिल्या दिवसापासून हजर होतं! मग अडतं कुठं? जगभर चालणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस घ्या. मूळचा स्वीडनचा. वेगळं काही सांगितलं नाही, तर २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत तो लॅटिन-१ हे पश्चिम युरोपी अक्षरांचं कोष्टक धरून चालायचा आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश पद्धतीने लावायचा. बदलता येत होतं. पण कुणीतरी मुद्दाम सांगायला हवं होतं की बाबा रे, इथं मराठी माणसं पाणी पितात.

असं सांगणं कुणाचंच काम नसतं. खिडकीवर 'मराठीचा वापर करा' अशी पाटी आहे. ती रंगाऱ्याने रंगवलेली आहे, म्हणून वाचता येते.

बिलाची रक्कम मात्र पैशाचीही चूक न होता छापून आली. दंडासकट. शून्य ते नऊ आस्कीत पहिल्यापासून आहेत.