पट्टायातला पावसाळाही लिहा की

तुमच्या लेखात निवृत्तीनंतर थायलंडमधल्या पट्टायाला बारमाही राहावं म्हणता, पण फोटो सगळे डिसेंबर-जानेवारीचे! सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथं धो धो पाऊस, बीच रोडवर पाणी तुंबतं, त्याचं काय? आम्ही सातारकर महाबळेश्वर बघून शहाणे झालोय. मे महिन्यात तिथल्या वेण्णा लेकवर पाय ठेवायला जागा नसते. पण जुलैत तिथली माणसं घराला पावसाच्या आडोशासाठी गवताच्या झड्या (ताट्या) बांधून आत बसतात, कपडे शेगडीवर वाळवतात. निवृत्तांच्या थाई व्हिसाचं तर लेखात ओझरतंच आलंय. पन्नाशी पार हवी, बँकेत 8 लाख बाट किंवा महिना 65,000 बाट उत्पन्न (आमच्या पेन्शनीत? राहू द्या!), वर दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. सत्तरीनंतर तिथं मेडिकल इन्शुरन्स कितीला पडतो, तेवढं लेखकांनी सांगावं.