आईच्या फोनातला रेडिओ कुणाच्या मालकीचा?

२०२३ च्या दसऱ्याला आईला नवा फोन घेतला. साडेदहा हजारांचा. दुकानातला मुलगा तिला कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होता. तिने त्याला मध्येच थांबवून विचारलं, "रेडिओ लागतो का यात?" त्याने इअरफोन खुपसला, आकाशवाणी कोल्हापूर लावून दाखवलं आणि म्हणाला, "नेट बंद असलं तरी लागतो, मावशी." तेवढ्यावर फोन पसंत झाला.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसाची सुरुवात एकाच प्रश्नाने होते, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने ती ४३ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा गावात दोन दिवस वीज नव्हती आणि रेंज येऊन-जाऊन होती. आईने एका बाजूचा बोंडूक तुटलेला तो पांढरा इअरफोन खिडकीच्या गजाला अडकवला होता. फोनातल्या रेडिओला ती वायरच एरियल म्हणून लागते. आवाज स्पीकरवर टाकून शेजारच्या चार बायका आमच्या सोप्यात बातम्या ऐकत बसायच्या. जनावरं हलवायची की थांबायचं, हे त्यावर ठरत होतं.

गेल्या वर्षी श्रावणात त्या फोनावर अपडेट आलं. "तुमचा फोन अधिक सुरक्षित करा" असं रोज वर यायचं. शिवाय बँकेचं ॲप फोन अद्ययावत करा म्हणून सांगत होतं. आईने रात्री बटण दाबलं आणि फोन चार्जिंगला लावून झोपली. सकाळी उठून बघते तर रेडिओचं चिन्ह नाही. तिला वाटलं आपल्याच हातून काहीतरी पुसलं गेलं. चार दिवस ती कुणाला काही बोललीच नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

गौरी-गणपतीला गेले तेव्हा मी फोन उघडून बसले. अपडेटबरोबर आलेली टीप वाचली. तीन ओळी होत्या: सुरक्षितता सुधारली, प्रणालीची स्थिरता वाढवली, काही त्रुटी दूर केल्या. रेडिओ काढला, हे त्यात कुठेही नाही. सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला मुलगा सरळ होता, त्याने लपवाछपवी केली नाही. "मॅडम, नव्या व्हर्जनला एफएम दिलेलं नाही. नेटवरचं रेडिओचं ॲप टाका की, जगातली सगळी स्टेशनं लागतील." मी म्हटलं, मग जुनं व्हर्जन परत टाकून द्या. तो म्हणाला, "ते होत नाही. एकदा वर गेलं की खाली येऊ देत नाही."

हे 'खाली येऊ देत नाही' म्हणजे काय, ते नंतर समजून घेतलं. बऱ्याच फोनांत अशी सोय असते की नवं सॉफ्टवेअर बसलं की जुनं पुन्हा चालूच होत नाही. कारण सुरक्षेचं असतं, आणि ते खोटंही नाही. चोराने जुनं, भोकं असलेलं सॉफ्टवेअर टाकून फोन उघडू नये म्हणून ती कडी घातलेली असते. पण तीच कडी मालकालाही बाहेर ठेवते. रेडिओची चिप अजून आईच्या फोनात आहे. बहुतेक फोनांत ती वायफाय-ब्लूटूथच्या चिपमध्येच असते. तिचे पैसे आम्ही मोजलेत. फक्त तिच्यापर्यंत जायची वाट बुजवली.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली होती. कंपनीचं उत्तर आलं की उत्पादनाची वैशिष्ट्ये पूर्वसूचना न देता बदलण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते आणि ग्राहकाने या अटी मान्य केल्या आहेत. कुठे मान्य केल्या? फोन पहिल्यांदा चालू करताना 'सहमत आहे' दाबलं तिथे. ते दाबल्याशिवाय फोन पुढे जात नाही आणि खोका फोडल्यावर दुकानदार परत घेत नाही. अशा वेळी दाबलेल्या बटणाला संमती म्हणायला माझं मन तयार नाही.

यावर नेहमी एक युक्तिवाद येतो: फोन तुमचा, पण सॉफ्टवेअर तुम्हाला फक्त वापरायला दिलंय. ठीक आहे, सॉफ्टवेअरच्या प्रती काढून विकायचा हक्क मला नको आहे. पण आईने सॉफ्टवेअर घेतलंच नव्हतं, तिने रेडिओ लागणारा फोन घेतला होता. खोक्यातल्या पत्रकावर 'एफएम रेडिओ' असं छापलंय. घर विकलं, पैसे मोजून घेतले, पण एक किल्ली स्वतःकडे ठेवली आणि दोन वर्षांनी येऊन स्वयंपाकघराचं दार बंद करून गेले, तर गावात त्याला काय म्हणतील? विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा ताबा राहत नाही, एवढी साधी गोष्ट फोनाच्या बाबतीत आपण विसरायला लागलोय.

माझी एक वकील मैत्रीण आहे. तिने मला १९३० चा मालविक्री कायदा दाखवला. त्याच्या कलम १४ मध्ये म्हटलंय की विकत घेणाऱ्याला वस्तूचा निर्वेध ताबा मिळेल आणि तो तिचा उपभोग घेऊ शकेल, ही हमी प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली असते. म्हणजे करारात लिहिलेली नसली तरी असते, वेगळं ठरलं असेल तेवढंच सोडून. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सुद्धा वाचा. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती पुसणं, बदलणं, त्याची किंमत किंवा उपयुक्तता कमी करणं यासाठी त्यात भरपाई सांगितली आहे. फोन हासुद्धा संगणकच. कंपन्या म्हणतील परवानगी होती, आणि गाडी पुन्हा त्या 'सहमत आहे'वर येऊन अडते. त्याच्यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही व्याख्याच घातली आहे. ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला तोट्यात ढकलणारा करार त्यात येतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात हे नव्हतं. आता आहे, पण फोनाच्या अपडेटसाठी वापरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

ही आमच्या एका घरची रड नाही. २०१० मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्रातून लिनक्स ही संगणकाची प्रणाली चालवण्याची सोय काढली. ती सोय सांगूनच यंत्र विकलं होतं. १ एप्रिलला ३.२१ नावाचं अपडेट आलं. ते घ्या आणि लिनक्स घालवा, किंवा घेऊ नका आणि ऑनलाइन खेळणं घालवा. दोन्ही पैसे देऊन घेतलेल्या गोष्टी, त्यातली कुठली मारायची एवढंच ग्राहकाने ठरवायचं. अमेरिकेत दावा झाला, २०१८ पर्यंत रखडला आणि शेवटी तडजोडीत माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर ठरले.

ॲपलचं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटने जुन्या बॅटरीचे आयफोन हळू केले, कारण नाहीतर ते अचानक बंद पडत होते. कारण खरं होतं, पण लोकांना नीट सांगितलं नाही. कितीतरी लोकांनी बॅटरी बदलायची सोडून नवा फोन घेतला असणार. वर्षअखेरीस बिंग फुटल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बॅटरीचा दर उतरवला. आपल्याकडे ६,५०० चे २,००० रुपये झाले. २०१८ मध्ये इटलीने ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, सॅमसंगला नोट ४ या फोनाच्या अपडेटसाठी. २०२० मध्ये फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला, आणि त्याचं कारण होतं ग्राहकाला माहिती न देणं.

जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए वर आपोआप बसणारं अपडेट पाठवलं. काही फोनांची बॅटरी त्यानंतर आधीसारखी टिकेना. मोबदला म्हणून बॅटरी फुकट बदलून, किंवा ५० डॉलर, किंवा नव्या पिक्सेलवर १०० डॉलरची सूट असे पर्याय दिले. काहीच न देण्यापेक्षा बरं. पण त्या आकड्यांकडे बघा: रोख घेतली तर ५०, आमचाच नवा फोन घेतला तर १००.

एक उदाहरण मात्र मला पटतं. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेत होत्या. कंपनीने फोन परत मागवले, पैसे किंवा बदली फोन देऊ केला, आणि त्यानंतरही जे फोन लोकांकडे राहिले त्यांचं चार्जिंग अमेरिकेत अपडेट पाठवून बंद केलं. तिथे जिवाला धोका होता, आधी जाहीरपणे सांगितलं होतं आणि पैसे परत मिळत होते. म्हणून 'कंपनीने कधीच काही काढू नये' असं मी म्हणणार नाही. आईच्या रेडिओने कुणाला धोका होता?

आणि रेडिओबद्दल तर सरकारचंही म्हणणं हेच आहे. २०२३ मध्येच केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन बनवणाऱ्यांच्या संघटनांना सूचना पाठवली होती की ज्या फोनात एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नका. आपत्तीच्या वेळी रेडिओ लागतो आणि गरिबाला तो फुकट मिळतो, ही कारणंही त्यात दिली होती. आमचा फोन त्यानंतरचा. पण ती सूचना होती, सक्तीचा नियम नव्हे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो गाठोड्याचा. सुरक्षेची डागडुजी आणि सोयी काढणं हे एकाच गाठोड्यात बांधून पाठवतात. अपडेट घेतलं नाही तर बँकेचं ॲप रुसतं, फसवणुकीची भीती. घेतलं तर काय जाईल ते माहीत नाही. हे सोडवता येण्यासारखं आहे. सुरक्षेचं अपडेट वेगळं द्या. एखादी सोय जाणार असेल तर बटण दाबण्याआधी, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: 'यानंतर रेडिओ चालणार नाही'. नको असेल त्याला नाही म्हणू द्या, किंवा परत मागे येऊ द्या. आणि काढायचीच असेल तर पैसे द्या. युरोपात २०२२ पासून डिजिटल सेवांसाठी असा नियम आहे की असा बदल करायचा तर करारात तशी तरतूद आणि सबळ कारण हवं, ग्राहकाला स्पष्ट कळवायला हवं आणि त्याचं मोठं नुकसान होणार असेल तर त्याला ३० दिवसांत करार मोडता येतो. फोनाच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरला तो थेट लागू नाही, तरी मसुदा तयारच आहे. आपल्या ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या ग्राहक दिनाला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्याच वाटेवरचं हे पुढचं पाऊल आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयफोनच्या आयओएस १८ या नव्या व्हर्जननंतरच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस काढली होती, म्हणजे तक्रारी पोचल्या की दखल घेतली जाते. आपण पोचवतच नाही. आईसारखं आपल्याच हातून बिघडलं समजून गप्प बसतो.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि नुकसान झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आईचं वय बघता तिला फेऱ्या घालायला लावणार नाही, तिच्या वतीने मीच उभी राहीन. मैत्रीण म्हणते, एकच तक्रार असलेले बरेच ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांसाठी मिळून एक तक्रार करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ मध्ये तशी सोय आहे. करारातल्या अटीलाच आव्हान द्यायचं तर राज्य आयोगाकडे जावं लागेल, ते दुसऱ्या टप्प्यात बघू.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या फोनातून गेल्या दोन वर्षांत अपडेटनंतर रेडिओ गेला असेल, तर मला मेसेज करा. फोनाचं मॉडेल, खरेदीचा महिना, अपडेट आल्याची तारीख आणि सेटिंगमध्ये दिसणाऱ्या व्हर्जनचा फोटो पाठवा. खोका टाकून दिला असेल तर दुकानाच्या वेबसाइटवरचं जुनं पान शोधा, त्यावर वैशिष्ट्यांची यादी असते. आणि पुढचं अपडेट घेण्याआधी फोनाच्या सगळ्या ॲपच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर 'तसं काही नव्हतंच' असं ऐकायला लागतं.

आईचा खोका, पत्रक आणि पावती मी पुण्याला घेऊन आले आहे. पावतीवर तारीख २४ ऑक्टोबर २०२३ आहे, आणि आई म्हणते, दुकानातल्या त्या मुलाने रेडिओ लावून दाखवला होता हे तो आजही सांगेल.