‘चार बोर्ड उभे करायला कितीसा खर्च येतो?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

खुल्या (केबिन नसलेल्या) ऑफिसांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की कंपन्या केबिन काढून टाकतात ते निव्वळ कंजूषपणाने. वर, ‘चार जिप्सम बोर्ड उभे करायला कितीसा खर्च येतो? एक्सेल बघून लेख पाडणाऱ्यांना काय कळणार!’ मतभेदाला माझी ना नाही, पण ही काय बोलायची रीत झाली? वीस वर्षं ऑफिसांचे लेआउट काढतोय आणि साइटवर उभं राहून करून घेतोय.

आता ते चार बोर्ड. फॉल्स सीलिंगपर्यंतच नेले तर शेजारचं बोलणं वरच्या पोकळीतून ऐकू येतं. म्हणून पार्टिशन स्लॅबला भिडवायचं, आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरायचं, डक्ट (एसीच्या हवेचा बोगदा) आणि केबल ट्रे आरपार जातात तिथल्या फटी बुजवायच्या. मग त्या बंद खोलीला एसीचा वेगळा डिफ्यूझर (थंड हवा सोडणारी जाळी) हवा, हवा परत जायला ग्रिल हवं. ग्रिल बसवायचं राहून गेलं की दार लावल्यावर खोली कोंदते. स्मोक डिटेक्टर, स्प्रिंकलर (आगीत पाणी फवारणारं तोंड), दिव्याचा स्विच प्रत्येक केबिनला स्वतंत्र. पार्टिशन स्प्रिंकलरच्या आड आलं तर पाइप हलवायचा, त्यासाठी लाइन रिकामी करायची, पुन्हा प्रेशर टेस्ट, आगीपासून सुरक्षेचं ड्रॉइंग नव्याने.

एवढं करून टीम 40 ची 60 झाली की त्या बोर्डांचा राडारोडा होतो. टेबलं मात्र खोलून सरकवता येतात. जागा भाड्याची असेल तर सोडताना बहुतेक करारांत ती मूळ स्थितीत करून द्यावी लागते, म्हणजे उभारायचा खर्च वेगळा आणि पाडायचा वेगळा. शिवाय 10 बाय 12 च्या एका केबिनच्या जागेत 4 बाय 2 फुटांची चार टेबलं वाटेसकट बसतात. भाडं दर महिन्याला जातं, साहेब.

एक चूक कबूल. लेखात दिलेलं, हर्मन मिलर कंपनीच्या ऑफिस-फर्निचरच्या संचाचं, म्हणजे ‘अ‍ॅक्शन ऑफिस’चं 1964 हे साल पहिल्या आवृत्तीचं, क्युबिकल (टेबलाभोवतीचा अर्ध्या उंचीचा कप्पा) जिच्यातून आलं ती दुसरी, 1968 ची. लेखात दुरुस्त केलंय.

हार्वर्डच्या संशोधकांचा 2018 चा अभ्यास मलाही ठाऊक आहे. खुल्या ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, खरंय. पण खुल्या हॉलमुळे बोलणं वाढतं असं मी कुठे लिहिलंय, ते दाखवा. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही.

गोंगाटाबद्दल लिहिण्याआधी लेखातला फोन बूथचा (फोनवर बोलायच्या छोट्या बंद खोक्याचा) परिच्छेद तरी वाचायचात. साधारण पंधरा माणसांमागे एक बूथ आणि त्यात पंखा, नाहीतर दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो आणि पुन्हा टेबलावरूनच फोन करतो, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.