ही ओळ हलवू नये

साहेबांना हवं होतं एक बटण. हजेरीच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, दाबलं की महिन्याची हजेरी एक्सेलमध्ये उतरली पाहिजे. “अर्ध्या दिवसाचं काम आहे ना?” त्यांनी विचारलं. मी “हो” म्हणालो. लग्नाच्या वेळी सोडलं तर माझा कुठलाही ‘हो’ मला इतका महागात पडलेला नाही.

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक्सेलची फाइल बनवायची तर अपाची पीओआय नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घ्यायची, हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पोम डॉट एक्सएमएल ही फाइल उघडायची, शेवटी जाऊन लायब्ररीचं नाव आणि व्हर्जन लिहायचं, आणि सेव्ह करायचं. बाकीचं मेव्हन बघतो. मेव्हन म्हणजे आमचं बिल्ड टूल, लागतील त्या लायब्ररी आणून सगळ्याचा मिळून चालता प्रोग्राम बांधणारं. मी घरून काम करतो त्या दिवशी “मेव्हनने पुन्हा घोळ घातलाय”, “त्याच्या भरवशावर राहू नका”, “त्याला आधी साफ करा, मग बघू” असली वाक्यं स्वयंपाकघरापर्यंत जातात आणि तिकडची भांडी जरा जोरात वाजायला लागतात. बायकोला एक भाऊ आहे.

तर मी ओळ लिहिली. पीओआय-ओओएक्सएमएल, व्हर्जन ५.२.५. एंटर मारला आणि पडद्यावर मंडळी उतरायला लागली. एक्सएमएलबीन्स आले. कॉमन्स-कॉम्प्रेस आले, कारण एक्सेलची फाइल म्हणजे आतून झिपच असते. इथपर्यंत समजू शकतो. मग कॉमन्स-मॅथ, कॉमन्स-कोडेक, स्पार्सबिटसेट. आणि सगळ्यांच्या मागून कर्व्हज-एपीआय. हे वक्र रेषा काढून देतं. आमच्या हजेरीच्या तक्त्यात ‘ह’ आणि ‘गै’ सोडून तिसरं काही नसतं, त्यात वक्रता आणायची कुठे? चौकशी केल्यावर कळलं, पीओआयला व्हिजिओची चित्रंही वाचता येतात, त्यासाठी ते लागतं. आम्ही व्हिजिओ उघडत नाही. पण पत्रिकेवर आपणच ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापल्यावर आत्याच्या जावेची भाची दारात उभी राहिली तर तिला ‘आपण कोण?’ असं विचारता येत नाही. पानं वाढायची.

या मंडळींना ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी म्हणतात. आपण बोलावलं एकाला. त्याला कुणी लागतं, त्या कुणाला आणखी कुणी. आमचे आर्किटेक्ट सांगतात की मेव्हन २ आलं २००५ मध्ये आणि तेव्हापासून हे पाहुणे आपसूक यायला लागले. त्याआधी एकेक जार, म्हणजे लायब्ररीची फाइल, हाताने हुडकून लिब फोल्डरमध्ये टाकावी लागायची, एक राहिली की गाडी बंद. ज्या सुरात आजोबा रॉकेलच्या रांगांविषयी बोलायचे, त्याच सुरात आर्किटेक्ट लिब फोल्डरविषयी बोलतात. मी अशा वेळी चहा आणायला उठतो.

पाहुण्यांच्या बाबतीत आमच्यापेक्षा दुःखी फक्त जावास्क्रिप्टवाले. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्टपॅड नावाची लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएम या त्यांच्या लायब्ररींच्या कोठारातून काढून घेतली आणि जगभरची बिल्डं धडाधड आडवी झाली. लायब्ररी होती अकरा ओळींची. मजकुराच्या डावीकडे जागा भरायची, एवढंच तिचं काम. ज्यांची बिल्डं आडवी झाली त्यातल्या बहुतेकांना आपल्या घरात ती राहते हेच माहीत नव्हतं.

असो. माझ्या बिल्डच्या शेवटी हिरव्या अक्षरात ‘बिल्ड सक्सेस’ आलं. मी साहेबांना “झालं” असा मेसेज टाकला आणि जेवायला गेलो. बटण दाबून बघितलं नव्हतं. हिरवं दिसल्यावर कोण दाबतं?

टेस्टिंगच्या मॅडमनी दाबलं. डब्यातली दुसरी पोळी संपायच्या आत त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला: नो सच मेथड एरर. मेथड म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा, आणि तो म्हणे नाहीच. कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या कुठल्या कप्प्यात? अनसिंक्रनाइज्डबाइटॲरेआउटपुटस्ट्रीम. हे एकच नाव आहे, मी मधल्या जागा खाल्लेल्या नाहीत. शाळेत संस्कृतच्या पेपरात समासविग्रहाला मी हमखास दांडी मारायचो, तो समास वीस वर्षांनी पत्ता काढत आला. या क्लासमध्ये ‘बिल्डर’ नावाची मेथड आहे असं पीओआयचं म्हणणं. अशी मेथड नाही, असं जावाचं म्हणणं. पुण्यात बिल्डर सापडत नाही, हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

ही चूक मोठी लबाड असते. कोड कम्पाइल होताना ती गुपचूप बसते, चालताना पाय ओढते. हा समास राहतो कॉमन्स-आयओ नावाच्या लायब्ररीत. पीओआयवाल्यांनी आपला कोड बांधला तो कॉमन्स-आयओ २.१५ समोर ठेवून. आमच्याकडे आल्यावर त्याला भेटलं २.११, ज्यात तो बिल्डर जन्माला यायचा होता. फोटो दाखवला धाकट्याचा आणि बोहल्यावर उभा थोरला. नाव तेच, आडनाव तेच, त्यामुळे कम्पायलर-भटजींनी शुभमंगल म्हणून टाकलं.

पण २.११ आणलं कोणी? मी तर कॉमन्स-आयओचं नावही लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी मेव्हनकडे वंशावळ मागायची. डिपेन्डन्सी ट्री असा हुकूम द्यायचा, सोबत ‘व्हर्बोज’ म्हणायचं, म्हणजे दाबलेली भानगडही बाहेर येते. दोनशे ओळींची वंशावळ आली. त्यात पीओआयच्या पोटात कंसात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कॉमन्स-आयओ २.१५, तंट्यामुळे वगळलं, २.११ ठेवलं. वर सरकत गेलो. पोमच्या चौथ्या ओळीवर फाइल अपलोड करणारी एक जुनी लायब्ररी होती. तिच्या बोटाला धरून २.११ आलेलं.

आता घरात एका नावाचे दोन पाहुणे आले तर मेव्हन ठेवतो एकच. कोणता? शहाणा, नवा, उपयोगाचा, यातलं काही बघत नाही. नातं किती जवळचं तेवढं मोजतो. आणि नातं सारखंच निघालं तर जो पोममध्ये आधी लिहिलाय, तो. हे वाचून मी खुर्चीत मागे रेललो. हा नियम मला माहीत होता. लहानपणी स्वारगेटला एसटी लागली की काका मला खिडकीतून आत ढकलायचे आणि मी सीटवर रुमाल टाकायचो. मागून कुणी म्हातारी आजी आली, कडेवर मूल घेतलेली बाई आली, तरी रुमाल म्हणजे रुमाल. २.११ रुमाल टाकून बसलं होतं, आणि जे खरोखर लागत होतं ते २.१५ दांडीला लोंबकळण्याआधीच कंडक्टरने उतरवलं होतं. सगळ्यात शेवटी ओळ लिहिणारा मीच.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा मान लांब करून म्हणाला, “ग्रेडल असतं तर झालंच नसतं.” खरंय, ग्रेडल म्हणजे मेव्हनसारखाच दुसरा, तो आपणहून मोठा नंबर उचलतो. पण मागच्याच आठवड्यात नव्या नंबरातून कुणीतरी जुनी मेथड काढून टाकली म्हणून हाच मुलगा रात्री अकरापर्यंत बसला होता. हे मी त्याला बोललो नाही. नजरेने बोललो.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. वंशावळीत त्यांना एक नाव दिसलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे लॉगफोरजे इथे काय करतंय?”

त्यांचंही बरोबर होतं. लॉगफोरजे म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी, अर्थात लॉग, लिहिणारी लायब्ररी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिच्यात भोक सापडलं. लॉगमध्ये जाईल अशी एक खोचक ओळ कुठेही टाकायची, की परका माणूस तुमच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू शकतो. गंभीरपणाचे गुण दहापैकी दहा, जे मला कुठल्याच विषयात कधी पडले नाहीत. त्या शुक्रवारी साहेबांनी विचारलं होतं, “आपण हे वापरतो?” मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या शेतात हुरडा पार्टी होती. आगटीपाशी मेव्हणा कणसं चोळत होता आणि मी बांधावर मोबाईलचं नेट पकडून मेव्हनकडे वंशावळ मागत होतो. चौथ्या पिढीत सापडलं. लॉगफोरजेचं २.१५ बसवलं. चार दिवस गेले नाहीत तोच २.१६ घ्या असं आलं, मग २.१७, आणि वर्ष संपता संपता २.१७.१. हुरडा बांधापर्यंत आला तेव्हा थंड झाला होता. त्यानंतर ‘आपण हे वापरतो का?’ या प्रश्नाला मी कधीच नाही म्हणत नाही. “बघून सांगतो” म्हणतो.

साहेबांना समजावलं की भोक होतं ते लॉगफोरजे-कोअरमध्ये, आणि पीओआयबरोबर आलंय ते नुसतं लॉगफोरजे-एपीआय. भाऊ वेगळा, भानगड वेगळी. त्यांना पटलं नाही, पण साडेसहा वाजले होते आणि शुक्रवार होता.

यावर रीतसर उपाय आहे, आणि तो मला येतो. पोममध्ये डिपेन्डन्सी मॅनेजमेंटच्या रकान्यात कॉमन्स-आयओचं व्हर्जन ठासून लिहायचं, म्हणजे कोण कुणाबरोबर का येईना, पानावर तेच बसतं. पण ते बदलायचं तर अपलोडची सगळी टेस्टिंग पुन्हा, आणि मॅडमनी पर्स खांद्याला लावली होती. मी पीओआयची ओळ कट केली आणि अपलोडवाल्या ओळीच्या वर पेस्ट केली. बस्स. रुमाल आता आपला. ओळीमागून पाहुणाही वर सरकला, २.१५ जागेवर बसलं, मॅडमनी बटण दाबलं, एक्सेल उतरली. अपलोड एकदा चालवून बघितलं, तेही चाललं.

जाताजाता मनाला टोचलं म्हणून त्या ओळीच्या डोक्यावर एक कॉमेंट लिहिली. पेठेत वाढलेल्या माणसाकडून लिहिली जाते तशीच झाली:

‘ही ओळ येथून हलवू नये. कारण विचारायला सोमवारी यावे.’

सोमवारी कुणी आलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही. सात महिने बटण सुखाने चाललं.

मग टीममध्ये एक नवा मुलगा आला. हुशार, टापटिपीचा, टेबलावर पेनंसुद्धा उंचीनुसार लावणारा. पहिल्याच आठवड्यात त्याचा बदल माझ्याकडे तपासायला आला, शीर्षक: ‘पोम नीट लावला’. सगळ्या डिपेन्डन्सी त्याने इंग्रजी बाराखडीप्रमाणे ओळीने लावल्या होत्या. नुसता क्रम बदललाय, त्यात काय बघायचं, म्हणून मी रिक्षात बसल्या बसल्या मोबाईलवरून ‘मंजूर’ दाबलं, वर अंगठाही टाकला.

दुपारी मॅडमचा स्क्रीनशॉट. समास ओळखीचा होता.

पोम उघडला. अपलोडवाल्या लायब्ररीचं नाव कॉमन्सपासून सुरू होतं, पीओआयचं ओआरजीपासून. सी आधी, ओ नंतर. माझी पाटी मात्र मुलाने अदबीने जिथल्या तिथे ठेवली होती, एक अक्षर न बदलता. तिच्याखाली आता अपलोडवाली ओळ उभी होती.